काचेच्या नळीतली वीस मिनिटं

दसऱ्याच्या सुट्टीत मी धारहून देवासला निघते, तेव्हा बसमध्ये खिडकीजवळची जागा धरते आणि काच पूर्ण उघडी ठेवते. आजूबाजूची मंडळी कुरकुरतात. त्यांचंही खरंच आहे. सोयाबीनची मळणी सुरू झाली की माळव्याच्या हवेत बारीक भुसा तरंगायला लागतो. तो नाकात जातो, डोळ्यांत जातो, मानेला चिकटून दिवसभर खाजवतो. यंदाही शेजारच्या माणसाने दोनदा शिंकून विचारलं, "मैडम, काँच लगा दूँ?"

"थोड़ी देर रहने दो भिया," मी म्हटलं.

त्याने रुमाल नाकाला लावला आणि डोळे मिटून घेतले. बाहेर रस्त्याची एक बाजू वाळत घातलेल्या शेंगांनी अडवलेली होती. उन्हाने शेंगा तडतडत होत्या आणि त्यांचा तो वास येत होता, थोडा भाजलेल्या डाळीसारखा, थोडा जुन्या गोणपाटासारखा. कुणाला त्यात काही सुंदर वाटावं असं नाही. पण हा वास आला की माझ्या मनात सगळ्यात आधी एकच गोष्ट येते. नाना आहेत.

नाना म्हणजे माझे वडील. आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत आणि देवासला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत अजून दुकानावर बसतात. आमचं घराणं जीनगरांचं. मराठा सरदारांबरोबर दक्षिणेतून इकडे आलेलं, घोड्यांची खोगीरं आणि लगाम शिवणारं. पुढे घोडे गेले, तेव्हा आमच्या माणसांनी टांग्यांच्या गाद्या शिवल्या. टांगे गेले, तेव्हा स्कूटरच्या सीटा. नाना आता रेक्झीन कापतात, पण हत्यारं जुनीच आहेत, चामडं कापायची रापी आणि भोक पाडायची आरी. खंडेनवमीला त्यांची पूजा होते, आणि तेव्हा नाना जे मराठी बोलतात ते माझ्या पुण्याच्या मावसबहिणीला निम्मं कळत नाही. माझं स्वतःचं मराठी स्वयंपाकघरात शिकलेलं. शाळा हिंदीतली. ‘प्रथिन’ हा शब्द तर मी वयाच्या विशीनंतर त्या मावसबहिणीकडूनच ऐकला. तोवर मला प्रोटीन एवढंच माहीत होतं, आणि तेही परीक्षेत विचारतात म्हणून.

ज्या हंगामाबद्दल मी लिहिते आहे, त्या वर्षी मी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. नवरात्राची सुट्टी होती. सोयाबीनच्या दिवसांत नाना दुकान अर्धा दिवस बंद ठेवून खेड्यांत जायचे. मळणी यंत्राचा कॅनव्हासचा पट्टा उसवलेला असतो, शेंगा झाकायची ताडपत्री फाटलेली असते, आणि नेमकं त्याच आठवड्यात ते सगळं लागतं. शेतकऱ्याला शहरात यायला सवड नसते. मग नानाच आरी, दोरा आणि मेणाचा गोळा पिशवीत टाकून निघायचे. त्या वर्षी त्यांची नजर कमी झाली होती आणि चष्म्याला ते कबूल नव्हते. "सुईत दोरा ओवायला तेवढी चल," असं म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. मी कुरकुरत निघाले. माझ्या पिशवीत वही होती, आणि वहीत वीस अमिनो आम्लांची नावं. सुट्टी संपली की त्याच्यावर चाचणी होती.

टोंकखुर्दजवळ धापूबाईचं शेत होतं. धापूबाई म्हणजे पन्नाशीची, उंच, काटक बाई. नवरा नव्हता. मुलगा कैलास आणि सून यांना घेऊन ती आठ बिघे पिकवायची. आम्ही सकाळी नऊच्या सुमाराला पोचलो तेव्हा सोंगणी चालू होती. विळ्यांचा खसखस आवाज येत होता, पिवळी पडलेली पानं पायाखाली चुरत होती. मी बांधावर बसून दोरा ओवत होते आणि पुटपुटत होते. नाना गंजीकडे गेले. तिथे ताडपत्रीची घडी पडली होती. तिचं टोक धरून त्यांनी उचललं.

आधी आवाज आला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ जशी फुसफुसते तसा, पण लांबलेला. नाना ओरडले नाहीत. ते दोन पावलं मागे आले, उजवा हात डाव्या हाताने धरून माझ्याकडे बघत म्हणाले, "शुभा, दोरा ठेव खाली. मला काहीतरी चावलं."

ताडपत्रीखालून जाडसर, साखळीसारख्या ठिपक्यांचा साप सावकाश निघून गंजीखाली गेला. घोणस. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधल्या मांसल जागेवर दोन थेंब होते. पाहता पाहता तिथे सूज चढायला लागली.

सोंगणीची माणसं विळे टाकून जमली. माळव्यात साप चावला की तेजाजी या लोकदेवाच्या ठाण्यावर, म्हणजे त्यांच्या ओट्यावर, नेतात, त्यांच्या नावाचा दोरा बांधतात. ती श्रद्धा लहानसहान नाही, आणि मी तिला हसणार नाही. एक म्हातारा मजूर म्हणालाच, ठाणं जवळ आहे, आधी तिथे चला. कुणी दोरा आणायला पळालंही. तेवढ्यात धापूबाई मध्ये आली. तिने नानांचा हात पाहिला, आणि मला तिचा चेहरा बदललेला दिसला.

"तेजाजी के हूँ मनई लूँगी," ती म्हणाली, म्हणजे त्यांची समजूत मी घालीन. "इनके दवाखाने ले जाव. अबी का अबी."

"काकी, तेजाजी नाराज हुई जायगा," म्हातारा म्हणाला.

"तो म्हारा से हुई जायगा."

म्हातारा बाजूला झाला. नानांच्या पिशवीतली माप घ्यायची लाकडी पट्टी तिने काढली, हाताखाली ठेवली आणि आपल्या लुगड्याची किनार फाडून हात पट्टीला सैल बांधला. बोटातली अंगठी साबणाने काढून माझ्या मुठीत दिली. कैलासने मोटारसायकल आणली. नाना मधे, मी मागे.

तो रस्ता मला अजून खड्ड्यांसकट आठवतो. कैलास म्हणाला, दीदी, बाबूजी को सोने मत देना, बोलते रहो. मी नुसती नानांच्या पाठीला घट्ट धरून होते. त्यांनीच मान वळवून म्हटलं, "तुझं ते पाठांतर म्हण."

मी म्हणायला लागले. ग्लायसीन, ॲलॅनीन, व्हॅलीन, ल्युसीन. दोन्ही बाजूंनी सोयाबीन मागे पळत होतं. सतरा झाल्यावर मी अडखळले.

"अजून तीन राहिली," नाना म्हणाले. ते मोजत होते.

*

दवाखाना सरकारी, लहान होता. डॉक्टर एक तरुण बाई होत्या, रीवाकडच्या, बोलण्यात तिकडचा हेल होता. त्यांनी तीन प्रश्न विचारले : किती वाजता, कुठे, साप कसा दिसत होता. मग सिस्टरकडून काचेची एक नवी, कोरडी नळी मागवली. प्लॅस्टिकची नको, धुतलेलीही नको, असं बजावून सांगितलं. नानांच्या डाव्या हातातून थोडं रक्त काढून त्यांनी नळीत सोडलं आणि ती भिंतीलगतच्या टेबलावर उभी ठेवली.

"कोई हाथ नहीं लगाएगा. बीस मिनट." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घड़ी है? तुम देखो."

मी स्टुलावर बसले. समोर नळी, मनगटावर घड्याळ. आणि तेव्हा मला कळलं की मी कशाकडे बघते आहे. ‘रक्त का थक्का कैसे बनता है’, पाच गुणांचा प्रश्न. मी तो आधल्याच वर्षी आकृतीसकट लिहिला होता आणि चार गुण मिळवले होते. रक्तात एक प्रथिन विरघळलेलं असतं. जखम झाली की दुसरी प्रथिनं त्याला हात लावतात, एकामागून एक, साखळीने. मग ते विरघळलेलं प्रथिन धाग्यांसारखं होतं, धाग्यांची जाळी विणली जाते, जाळीत रक्त अडकतं आणि जखम बंद होते. काचेला लागलं तरी हेच व्हायला हवं. वीस मिनिटांत नळीतलं रक्त घट्ट व्हायला हवं. झालं नाही तर त्याचा अर्थ काय, ते आमच्या पुस्तकात नव्हतं. पण डॉक्टरबाईंनी वाट बघायला सांगितलं त्यावरून मी समजले.

वीस मिनिटं किती लांब असू शकतात ते मी सांगणार नाही. दहाव्या मिनिटाला नानांनी थुंकायला भांडं मागितलं, त्यात तांबडं दिसलं. रक्त काढलेल्या जागेवरचा कापूस भिजून गेला होता. एवढीशी सुईची टोच, आणि ती मिटत नव्हती. ते पलंगावरून शांतपणे छताकडे बघत होते. त्यांचा हात कोपरापर्यंत सुजला होता.

"झाली का गं वीस मिनिटं?"

"सहा राहिली, नाना."

वेळ झाली तेव्हा डॉक्टरबाईंनी नळी उचलली आणि हळूच आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहत टोकाला गेलं.

त्यांनी मला त्याच दमात समजावलं, कारण मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे हे तोवर त्यांना कळलं होतं. विषही प्रथिनंच असतात, त्या म्हणाल्या. ही प्रथिनं रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना विनाकारण कामाला लावतात, इतकी की ती सगळी खर्ची पडतात. मग जिथे खरोखर जखम असेल तिथे पाठवायला कुणी उरत नाही.

औषधाच्या दहा कुप्या होत्या, पांढऱ्या भुकटीच्या. दुसरी सिस्टर बाळंतिणीच्या खोलीत अडकलेली. पहिलीने कुप्यांत पाणी घातलं आणि मला म्हणाली, "हाथ धोके आओ. ये घुमाओ. हिलाना मत, झाग हो जाएगा तो बेकार." मी एकेक कुपी दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू फिरवू लागले. आत भुकटी विरघळत होती. फेस येऊ नये म्हणून मी कोपरं अंगाला घट्ट धरली होती. अंड्याचा पांढरा बलक घुसळला की फेस होतो आणि मग तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, हे मला माहीत होतं. प्रथिनाचं सगळं काम त्याच्या आकारात असतं. आकार मोडला की वीसच्या वीस अमिनो आम्लं जागच्या जागी असूनही ते काहीच करू शकत नाही. हे वाक्य मी वहीत लिहिलं होतं. त्या दिवशी ते माझ्या तळव्यात होतं.

"यह बनता किससे है?" नानांनी पलंगावरून विचारलं. भीती घालवायला माणूस काहीतरी विचारतो, तसं.

"घोड़े से, बाबा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

नानांनी मान वळवली. "घोड़ा मर जाता है क्या?"

"नहीं, नहीं. उसको बहुत थोड़ा-थोड़ा ज़हर देते हैं, जितना वो सह ले. वो अपने ख़ून में उसका तोड़ बना लेता है. फिर थोड़ा ख़ून लेते हैं. घोड़ा खाता-पीता रहता है."

नाना मग मराठीत, मला म्हणाले, "मग ठीक आहे." आणि डोळे मिटले.

औषध सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली असतील, तोच त्यांना हुडहुडी भरली. अंगावर गांधी उठल्या, श्वास घुसमटला. डॉक्टरबाईंनी बाटली थांबवली, मांडीत एक इंजेक्शन दिलं, आणि नाडीवर बोटं ठेवून उभ्या राहिल्या. शरीराला परकं प्रथिन ओळखू येतं आणि ते त्याच्याशी भांडतं, मग ते वाचवायला आलेलं का असेना. हेही मी पुढे कधीतरी शिकले. तेव्हा मी फक्त नानांचे पाय धरले होते. श्वास सुटा झाला. बाटली पुन्हा सुरू झाली, या वेळी अगदी संथ.

मग संध्याकाळपर्यंत वाट. दुपारी धापूबाई आली. एका टेम्पोत बसून, फडक्यात भाकरी बांधून. ती आधी ठाण्यावर जाऊन नारळ ठेवून आली होती, मग इकडे. वऱ्हांड्यात भिंतीला टेकून बसली. मला जबरदस्तीने अर्धी भाकरी खायला लावली. एकदाही ‘काय होईल’ असं विचारलं नाही.

पाच वाजता नवी नळी, पुन्हा वीस मिनिटं. या वेळी धापूबाई माझ्या शेजारी उभी होती. घड्याळ तिला वाचता येत नव्हतं, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. डॉक्टरबाईंनी नळी उचलली, आडवी केली. मग पूर्ण उलटी केली. रक्त तळाशी तसंच बसून राहिलं, आमसुलाच्या वडीसारखं.

"देखो," त्या म्हणाल्या, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसल्या.

मी रडले. धापूबाईने माझं डोकं तिच्या खांद्यावर दाबून धरलं. तिच्या लुगड्याला सोयाबीनच्या भुशाचा वास होता.

डॉक्टरबाईंनी सांगितलेली आणखी एक गोष्ट मी आजतागायत वर्गात सांगते. घोड्याच्या प्रथिनांनी फक्त विष पकडलं. रक्त गोठवणारी जी प्रथिनं संपली होती ती परत आणून देणारं औषध त्या बाटलीत नव्हतं. ती नानांच्या यकृताने बनवली. तापाने फणफणलेल्या, घाबरलेल्या शरीरात, कुणी न सांगता, दुपारभर त्याचं काम चालू होतं. म्हणून तर सहा तास थांबायचं. पेशींना जुळवाजुळव करायला वेळ द्यायचा.

*

पुढचे दिवस देवासच्या इस्पितळात गेले. त्याच संध्याकाळी अँब्युलन्सने आम्हाला तिकडे हलवलं, कारण घोणशीचं विष मूत्रपिंडांनाही दुखावतं. देवासच्या अलीकडेच रस्ता माणसांनी भरला होता. नवरात्रात टेकडीवरच्या देवीला चाललेली गर्दी, अनवाणी, हातात झेंडे. भोंगा ऐकून तरुण पोरांनी हातात हात घालून साखळी धरली आणि आम्हाला वाट करून दिली. काचेतून एक बाई दिसली. ती कोण, आत कोण, काही माहीत नसताना तिने अँब्युलन्सकडे बघून हात जोडले.

नानांना तीनदा डायलिसिस लागलं. लघवी किती झाली याच्यावर घरातला दिवस बरा की वाईट ते ठरायचं. त्या वर्षी खंडेनवमीला आईने एकटीने हत्यारांची पूजा केली आणि रापीवरचं कुंकू कागदात बांधून इस्पितळात आणलं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर काळं पडलं होतं, ते काढावं लागलं. शुद्धीवर आल्यावर नानांनी हात डोळ्यांसमोर धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "आरी अंगठ्याने धरायची सवय करावी लागेल." बस, एवढंच.

दिवाळीच्या आसपास ते घरी आले. मूत्रपिंडं सावरेपर्यंत डॉक्टरांनी डाळ जपून खायला सांगितली होती. आमच्या घरात वरणाशिवाय जेवण म्हणजे जेवणच नव्हे. आई वाटीत दोन चमचे वरण घालायची आणि तोंड फिरवायची. नंतर एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता पोटभर खा, अंग भरून यायला हवं. त्या दिवशी आईने केलेलं तूरडाळीचं वरण, वर लिंबू आणि तूप, नाना डोळे मिटून जेवले. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. बोटाच्या जखमेवर नवी, गुलाबी कातडी येत होती. वाटीतलं प्रथिन पोटात सुटं होतं, त्याचे वीस प्रकारचे मणी वेगळे होतात आणि तेच मणी नव्या क्रमाने ओवून शरीर कातडी विणतं. मी ते पुस्तकात शंभर वेळा वाचलं असेल. वरणाचं बोट होताना मात्र त्याच महिन्यात पाहिलं.

बसून बसून कंटाळले की नाना मला शिकवायला लावायचे. "सांग, आज काय वाचलंस." एकदा मी सांगितलं की केस, नखं, लोकर, रेशीम, सगळी प्रथिनंच. चामडंसुद्धा. ओलं चामडं तापवलं तर ते आक्रसतं, कारण त्यातले पीळ सुटतात. कमावलं की ते पीळ पक्के होतात, मग सडत नाही.

नाना विचारात पडले. "आक्रसतं ते मला ठाऊक आहे. का आक्रसतं ते आज कळलं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे मीही तुझ्याच विषयातला."

मी त्याच विषयात पुढे गेले. इंदूरला एम. एस्सी. केलं, आणि आता बरीच वर्षं धारच्या एका महाविद्यालयात शिकवते. मोठं संशोधन माझ्या हातून झालं नाही. त्याची खंत कधीमधी वाटते, पण टिकत नाही. दरवर्षी याच दिवसांत मी फळ्यावर ती साखळी काढते, आणि मागच्या बाकांवर बसलेल्या, गावाकडून बसने येणाऱ्या मुली मान वर करून बघतात, कारण मी साप, शेत आणि काचेची नळी यांच्यापासून सुरुवात करते. त्या प्रश्न विचारतात. मॅडम, बांधायचं नाही का? चोखायचं नाही का? ठाण्यावर न्यायचं नाही का? मी सांगते, ठाण्यावर दुसऱ्या कुणीतरी जावं. ज्याला चावलंय त्याने दवाखान्यात.

धडा शिकवताना मनात येतं, आपण जगतो ते किती जणांच्या जिवावर. एखादं यकृत. एखादा तबेल्यातला घोडा, ज्याला आपण कुणाला वाचवलं याचा पत्ता नाही. बदली होऊन गेलेल्या त्या डॉक्टरबाई. कृतज्ञता हा मोठा शब्द आहे, आणि तो भाषणात फार वापरतात. माझ्यापुरता तो शब्द म्हणजे नानांची टोच मिटलेली पाहणं, तेवढंच.

*

बरे झाल्यावर, त्याच थंडीत आम्ही धापूबाईकडे गेलो होतो. ती शेतावर होती. सुनेने चहा ठेवला आणि आवाज खाली करून सांगितलं की तिचे सासरे साप चावूनच गेले. तिच्या लग्नाच्या कितीतरी आधी, याच शेतात, सोयाबीनच्याच दिवसांत. त्यांना ठाण्यावर नेलं होतं. दुपारपर्यंत श्वास चालू होता. सासूबाई बाजूला बसून होत्या. त्या कधी बोलत नाहीत याच्याबद्दल, सून म्हणाली, तुम्हीही विचारू नका.

आम्ही विचारलं नाही. पण त्या सकाळी ताडपत्रीजवळ तिचा चेहरा का बदलला होता, ते मला कळलं. तेव्हापासून तिची ताडपत्री दरवर्षी नानाच शिवतात, अंगठ्याने आरी धरून. सुट्टीत मी बरोबर असते. आता चष्मा आहे, तरी दोरा मीच ओवते.

यंदाही गेलो. धापूबाई आता सत्तरीच्या पुढे आहे. अंगणात शेंगा वाळत होत्या, कैलास मळणी यंत्रावर दुसऱ्या शेतात गेला होता, सून दाराशी धान्य निवडत होती. नाना खाटेवर बसून शिवत होते. धापूबाई माझ्याजवळ जमिनीवर बसली आणि बराच वेळ शेंगा हाताने उलट्यासुलट्या करत राहिली.

"बेन, थें अबे बड़ी मास्टरनी हो," ती म्हणाली. "एक वात पूछूँ? साँची कीजो."

"पूछो बई."

"उनके उनी दन दवाखाने लई जाता, तो बची जाता?"

त्या दिवशी नवऱ्याला दवाखान्यात नेलं असतं तर तो वाचला असता का. एवढंच तिला विचारायचं होतं, आणि त्यासाठी ती इतकी वर्षं थांबली होती. सुनेचे हात थांबले. नानांचेही.

माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. साप कुठला होता, विष किती गेलं, तेव्हा दवाखान्यात औषध होतं की नव्हतं, रस्ता कसा होता. यातलं एकही खोटं नव्हतं. पण त्यातल्या प्रत्येकाच्या मागे मला लपता आलं असतं, आणि तिने खरं विचारलं होतं.

"शायद बच जाते, बई," मी म्हटलं. "पक्का नहीं कह सकती. पर शायद."

तिने मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. "हूँ बी यो ज जाणती थी," ती म्हणाली. मलाही हे ठाऊकच होतं, असं. मग शेंगांकडे बघत म्हणाली, "तेजाजी कने ले चलो, म्हने ज क्यो थो."

ठाण्यावर न्या, असं तिनेच सांगितलं होतं. नानांनी आरी बाजूला ठेवली. ते खाटेवरून उतरले, गुडघे धरत धरत तिच्यासमोर जमिनीवर येऊन बसले.

"धापूबाई," ते त्यांच्या बाजारातल्या हिंदीत म्हणाले, "वो उस दिन नहीं बचे, इसलिए तुमने मेरे को ठाणे नहीं जाने दिया. मैं तो उनके कारण जिंदा हूँ. इसकी शादी देखी, नाती का मुंह देखा. इतने साल से उनके हिस्से का खा रहा हूँ." ते थांबले. "और मेरे को उनका नाम भी नहीं मालूम."

त्या पिढीतल्या माळवी बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. कागदावर लागलं तर मुलाकडून वदवून घेतात. सूनही सासऱ्याचं नाव घेत नाही. सुनेने कैलास येतोय का म्हणून रस्त्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता.

धापूबाईने पदर कपाळावर थोडा पुढे ओढला. नानांच्या अर्ध्या बोटाकडे पाहिलं.

"अंबाराम," ती म्हणाली.